अंगणातल्या सावलीवरून उल्केचा माग: कुठून आली, कुठे पडली

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या तुमच्या अंगणात सहा-सात सेकंद लख्ख उजेड पडला. तुमच्या सीसीटीव्हीत उल्का दिसत नाही, कारण कॅमेरा खाली अंगणाकडे वळलेला आहे. पण तुळशी वृंदावनाची सावली फरशीवर फिरताना स्वच्छ दिसते. बार्शीच्या मावसभावाच्या दुकानावरचा कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यात अग्निगोल, म्हणजे ती लख्ख उल्का, उजवीकडून डावीकडे उतरताना सापडलाय. साडेचार मिनिटांनी तुमच्याकडे गडगडाट ऐकू आला. दगड होटगीच्या मागे पडला यावर गल्लीचं एकमत आहे. तर एवढ्यावरून तो कुठे पडला आणि अंतराळात कुठून आला, हे दोन्ही काढता येईल का?

मार्ग काढता येईल. पडण्याची जागा काही किलोमीटरच्या पट्ट्यापर्यंत आणता येईल. कक्षेचं, म्हणजे दगड सूर्याभोवती ज्या वाटेने फिरत होता तिचं, मात्र बार्शीच्या कॅमेऱ्याचं घड्याळ किती खरं बोलतं त्यावर ठरेल. लोकांना वाटतं की एक हिशेब केला की दोन्ही उत्तरं पडतात. तसं नाही. दगड शोधायचा तर त्या तेजस्वी रेघेचं शेपूट, म्हणजे शेवट, नीट मोजावं लागतं आणि कक्षा काढायची तर तिचं तोंड, म्हणजे सुरुवात. रेघ एकच असली तरी या दोन कामांसाठी तिच्याकडे बघायची नजर वेगळी लागते. मी पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेइंग शिकवत आलो आणि उल्का हा माझा जुना नाद, त्यामुळे उत्तर थोडं मोजणीदाराच्या अंगाने येईल.

बाकी काही वाचायच्या आधी एक काम उरका. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जुन्या फाइलींवर नवं रेकॉर्डिंग चढवत जातो, बऱ्याच घरी आठवड्या-पंधरा दिवसांत. दोन्हीकडची मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंग गटात फिरवायला ठीक, मोजायला निरुपयोगी. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी ठेवून फोटो काढा, म्हणजे घड्याळ किती पुढे-मागे आहे ते कळेल. आणि कॅमेऱ्याला हात लावू नका. दिवाळीनंतरची जळमटं काढायला कुणी शिडी लावली आणि कॅमेरा बोटभर हलला, की निम्मी मोजणी गेली.

आता होटगी. दगड खाली टाकणारा अग्निगोल विझतो तो साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवर. तुम्ही लिहिलंय की तो आग्नेयेला, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीइतक्या उंचीवर दिसेनासा झाला. लांब हाताची मूठ म्हणजे १० अंश, तेव्हा हे झाले १५ अंश. विझण्याची उंची २५ किलोमीटर धरली तर जमिनीवरचं अंतर सुमारे ९० किलोमीटर येतं. होटगी तर दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. दिशा बरोबर, अंतर साफ चूक. प्रत्येक गावात हेच होतं: सोलापूरकर होटगी दाखवतो, अक्कलकोटचा माणूस समोरचा ऊस दाखवतो, आणि दगड असतो त्याच्याही पुढच्या जिल्ह्यात. डोळ्यांना आकाशातल्या उजेडाचं अंतर कळत नाही, ते फक्त दिशा सांगू शकतात. म्हणून साक्षीदाराला 'कुठे पडला' हे विचारूच नये. तो जिथे उभा होता तिथेच पुन्हा उभा करावा, हात करायला लावावा आणि त्या हाताची दिशा मोजावी.

तुमच्या गडगडाटाने हेच पडताळून पाहता येतं. वरच्या थंड हवेतून येणाऱ्या आवाजाला सरासरी ३१० मीटर सेकंदाला धरा. साडेचार मिनिटं म्हणजे तिरकं अंतर साधारण ८५ किलोमीटर. दगडाची शेवटची मोठी फूट ३० किलोमीटर उंचीवर झाली असेल, तर जमिनीवरून ८० किलोमीटर. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकच उत्तर येतंय. नकाशावर हे ठिकाण अफझलपूरच्या पुढे, कलबुर्गीच्या वाटेवर कुठेतरी येईल. आवाज ऐकू आला हे तसंही चांगलं लक्षण आहे, कारण दगड बराच खाली येईपर्यंत टिकला होता.

तो दगडच होता कशावरून, हेही आत्ताच बघून घेऊ. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळते तुकडे पाहिले होते. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. परत येणारं रॉकेट सेकंदाला साताठ किलोमीटरने, जवळजवळ आडवं, तुकड्यांची माळ ओढत जातं आणि अर्धा-पाऊण मिनिट सहज दिसतं. तुमचं प्रकरण सहा-सात सेकंदांत आटोपलं आणि खूप खाली आलं. मी तरी नैसर्गिक दगडच म्हणेन.

आता सावलीकडे येतो, कारण तुमच्याकडचा खरा ऐवज तोच आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर दगड फुटला तेव्हा कोलंबियातल्या दोन संशोधकांनी तिथल्या क्रांती चौकातल्या कॅमेऱ्यात खांबांच्या सावल्या कशा फिरल्या ते मोजून मार्ग आणि कक्षेचा पहिला अंदाज काढला होता. तुम्ही तेच वृंदावनावर करणार आहात. व्हिडिओची एकेक चौकट (फ्रेम) थांबवून सावलीचं टोक कोणत्या फरशीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे ते बघा आणि अंगणात जाऊन तिथे खडूने खूण करा. मग त्या खुणेपासून वृंदावनाच्या ज्या कडेची ती सावली आहे, तिथपर्यंत सुतळी ताणा. ती सुतळी त्या क्षणी सरळ उल्केकडे रोखलेली आहे. सुतळीचा आडव्याशी कोन मोजला की उन्नतांश मिळाला, तिची जमिनीवरची दिशा उत्तरेपासून मोजली की दिगंश मिळाला. भिंगाची वक्रता, कॅमेऱ्याचा तिरपेपणा, कशाचाही संबंध नाही. शेवटच्या सेकंदात सावली लांबत जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर चढली असेल, तरी सुतळीला काही फरक पडत नाही. भिंतीवरच्या टोकापासून ताणा.

उदाहरणापुरतं धरा: वृंदावन १.२ मीटर उंच आणि सावली १ मीटर उत्तरेकडे. उन्नतांश आला ५० अंश, म्हणजे त्या वेळी उल्का दक्षिणेला, डिसेंबरातला सूर्य सकाळी नऊ-दहाला असतो त्याहून बरीच वर. सावलीचं टोक ५ सेंटीमीटरने चुकलं तर कोन दीड अंशाच्या आसपास चुकतो, आणि ७५-८० किलोमीटरवर दीड अंश म्हणजे दोन किलोमीटर. म्हणून एका चौकटीवर भिस्त ठेवू नका. पंधरा-वीस चौकटी घ्या, शिवाय कुंडी, गेट, पाण्याची टाकी अशा दुसऱ्या वस्तूंच्या सावल्याही मोजा. उजेड ऐन भरात असताना कॅमेरा पांढरा पडतो. त्या चौकटी सोडून द्या.

उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घेऊ नका. स्लॅबमधली सळई आणि खिडकीचं ग्रिल त्याला सहज दहा अंश फिरवतात. त्याच वृंदावनाची उन्हातली सावली घ्या: घड्याळात नेमकी वेळ बघून खूण करा आणि त्या मिनिटाला सोलापुरातून सूर्याचा दिगंश किती होता ते स्टेलेरियमसारख्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून वाचा. या पद्धतीने अर्ध्या अंशाच्या आत दिशा मिळते. वर्गात थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊनही मुलांना मी आधी हेच करायला लावायचो.

बार्शीचा कॅमेरा उल्का थेट दाखवतो, पण चित्रातल्या ठिपक्याला अंश-कला नसतात. ते त्याला ताऱ्यांवरून द्यावे लागतात. डिसेंबरच्या शेवटी मध्यरात्रीच्या सुमाराला अगस्त्य बार्शीच्या नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर येतो, आणि व्याध त्याच्या बराच वर असतो. कॅमेरा बरा असेल तर हे दोन तरी उमटतात. सलग पन्नास-शंभर चौकटींची सरासरी काढली की आणखी काही तारे वर येतात. तासातासाने तेच तारे सरकलेल्या जागी सापडतात, म्हणजे दोन ताऱ्यांतूनही पुष्कळ खुणा मिळतात. काहीच उमटलं नाही, तर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चांगला मोबाइल किंवा डीएसएलआर धरून समोरच्या इमारतींसकट रात्रीचं आकाश टिपायचं. ताऱ्यांवरून इमारतींचे कोन आणि इमारतींवरून सीसीटीव्हीतल्या ठिपक्यांचे कोन काढायचे. फोटोची वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहा, कारण आकाश मिनिटाला पाव अंश फिरतं.

दोन ठिकाणचे कोन हाती आले की भूमिती सोपी आहे. तुमचं अंगण आणि आकाशातली रेघ मिळून एक प्रतल होतं. बार्शी आणि तीच रेघ मिळून दुसरं. दोन प्रतलं जिथे छेदतात तो उल्केचा मार्ग. चेक खगोलशास्त्रज्ञ झ्डेनेक सेप्लेखा यांनी ही पद्धत रूढ केली आणि आजच्या सॉफ्टवेअरचा गाभाही फार वेगळा नाही. अडचण येते ती दोन प्रतलांमधल्या कोनात. तुमचा अग्निगोल पश्चिमेकडून पूर्वेकडे, कर्नाटकातल्या इंडीच्या बाजूने अफझलपूरकडे उतरला असं धरलं तर सोलापूर आणि बार्शीच्या प्रतलांमधला कोन माझ्या ढोबळ हिशेबाने १८ अंशांच्या आसपास येतो. एवढ्या अरुंद छेदात मोजणीतली चूक साधारण तिप्पट होऊन उत्तरात उतरते. आणि बार्शीऐवजी पंढरपूरचं फुटेज असतं तर त्याहून वाईट, कारण पंढरपूर सोलापूरच्या जवळजवळ नेमकं पश्चिमेला आहे. रेघही पूर्व-पश्चिम आणि दोन ठिकाणांना जोडणारी रेषाही पूर्व-पश्चिम, मग दोन्ही प्रतलं एकावर एक पडतात.

म्हणून माझा आग्रह: विजापूरचं एक फुटेज मिळवा. विजापूर रेघेच्या दुसऱ्या अंगाला पडतं, तिथून उल्का उत्तरेला दिसली असणार आणि तुमच्या प्रतलाशी कोन ७५ अंशांच्या घरात जातो. तुमचे हात इथेच सर्वांत जास्त बळकट होतील. विजापूर रोडवरचे पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाके, साखर कारखान्यांचे वजनकाटे, सगळीकडे कॅमेरे आहेत आणि सगळीकडे फुटेज पुसलं जातंय. पंपावरच्या पोराशी नीट बोललात, थोडं कानडीत बोललात तर आणखी बरं, तर पत्र-अर्जापेक्षा लवकर काम होतं. हंगाम चालू आहे, ऊसतोड टोळ्या संध्याकाळी फडातच असतात, त्यांनाही विचारा. मोकळ्या रानात बसलेल्या माणसाने पाहिलेली दिशा शहरातल्यापेक्षा चांगली निघते, असा माझा अनुभव आहे.

मार्ग ठरला की वेग. प्रत्येक चौकटीतला उल्केचा ठिपका त्या रेषेवर कुठे बसतो ते काढायचं आणि अंतराला वेळेने भागायचं. वेळ येते चौकटींवरून, आणि सीसीटीव्ही इथेच फसवतो. फाइलवर सेकंदाला २५ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात कधी १५, कधी १२, आणि अंधारात त्याहून कमी. मावसभावाला सांगा, रात्रीच्याच वेळी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर पूर्ण मिनिटभर धरायचा. मग चौकटी मोजायच्या. कुठे गळतात, कुठे दोनदा येतात, सगळं उघडं पडतं. सावलीवरून वेग काढायच्या भानगडीत पडू नका. तिचं टोक त्यासाठी फार पुसट असतं.

वेग एवढा का जपायचा? समजा दगड वातावरणात सेकंदाला १७ किलोमीटरने शिरला. त्यातला काही वेग पृथ्वीच्या ओढीनेच दिलेला असतो. तो वजा केला की मूळचा उरतो १२.८. ओढीमुळे दिशाही वाकलेली असते, ती सरळ करावी लागते. सोलापूरच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याने हवा सेकंदाला ०.४४ किलोमीटरने पूर्वेकडे जाते, तेही काढून टाकायचं. मग जे उरलं त्यात पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग, सेकंदाला २९.८ किलोमीटर, दिशेसकट मिळवायचा. हा झाला दगडाचा सूर्यसापेक्ष वेग. जागा तर माहीतच आहे, त्या तारखेला पृथ्वी जिथे होती ती. जागा आणि वेग मिळाले की कक्षेचे सहाही घटक (तिचा आकार, कल वगैरे सांगणारे आकडे) ठरतात.

आता चुकीचा हिशेब बघा. २५ चौकटी धरल्या आणि प्रत्यक्षात २४ होत्या, तर वेगात ४ टक्क्यांची चूक, म्हणजे १७ मध्ये ०.७. एवढीच चूक सूर्यसापेक्ष वेगात आली असं धरू. सेकंदाला ३८ किलोमीटरला अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबगोल कक्षेच्या लांबीचा निम्मा, येतो सुमारे २.७ खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे १ एकक). ३८.७ ला तोच ३.२ होतो आणि ३७.३ ला २.३. लघुग्रहांचा मुख्य पट्टा मंगळ आणि गुरूच्या मध्ये साधारण २.१ ते ३.३ पर्यंत पसरलेला आहे. म्हणजे सेकंदाला एका चौकटीच्या चुकीने तुमचा दगड पट्ट्याच्या आतल्या काठाजवळून बाहेरच्या काठाला गेला. शिवाय हवेच्या विरोधाने वेग सतत घटत असतो, त्यामुळे वेग घ्यायचा तो रेघेच्या पहिल्या, अंधुक भागातून, जिथे सीसीटीव्हीला धड दिसतही नाही. बार्शीच्या फुटेजमध्ये पहिला सेकंद किती स्वच्छ आहे, त्यावर तुमच्या कक्षेची किंमत ठरेल.

एक गोष्ट मात्र आकडेमोडीशिवाय सांगता येते. संध्याकाळी आपण पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेने पाहिलं तर मागच्या बाजूला असतो. तिथे पडणारा दगड मागून गाठत आलेला असतो, म्हणून हळू शिरतो आणि टिकण्याची शक्यता वाढते. पहाटेचे दगड समोरून धडकतात आणि बहुतेक वरच राख होतात.

कक्षा आली तरी 'अमुक लघुग्रहाचा तुकडा' असं जाहीर करायची घाई नको. छायाचित्रांवरून नीट कक्षा काढलेला पहिला अशनी (जमिनीपर्यंत पोचलेला उल्केचा दगड) प्रिब्रामचा, ७ एप्रिल १९५९, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. ६ एप्रिल २००२ ला जर्मनीत नॉयश्वानस्टाइनचा अशनी पडला, त्याची कक्षा जवळजवळ तंतोतंत तीच. सगळ्यांना वाटलं, भाऊ सापडले. दगड तपासले तर जातकुळीच वेगळी निघाली. कक्षेवरून पट्ट्यातला मुलूख सांगता येतो, तोही शक्यतेच्या भाषेत.

आता शेपूट. वेग सेकंदाला तीन-चार किलोमीटरवर आला की दगड तापून चमकायचा थांबतो आणि पुढची वाट अंधारातली. इथे वारा मालक. २० किलोमीटरवरून एक किलोचा दगड साधारण तीन मिनिटांत जमिनीवर येतो, शेवटी सेकंदाला ६० मीटरच्या आसपास वेगाने. दहा ग्रॅमचा खडा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेतो आणि त्या प्रमाणात जास्त वाहतो. सरासरी सेकंदाला १५ मीटरचा वारा असेल तर मोठा अडीच-तीन किलोमीटर, लहान साडेपाच-सहा. हिवाळ्यात आपल्याकडे वरचे वारे बहुधा पश्चिमेचे, त्यामुळे तुमचा माल पूर्वेकडे सरकलेला असणार. पावसाळा असता तर वरच्या थरात जोरदार पूर्वेचे वारे असतात आणि हिशेब उलटा फिरला असता. हवामान खातं सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बलून सोडतं. हैदराबाद आणि पुण्याच्या त्या दिवशीच्या नोंदी काढा, उंचीनुसार वारा मिळेल.

पट्टा ठरला तरी शोधायचं कुठे, ते रान ठरवतं. उभ्या उसात आणि कमरेइतक्या ज्वारीत जाऊ नका. काढणी झालेलं तुरीचं रान, माळ, पत्र्याची छपरं, रस्ते, एवढंच बघा. शेतमालकाला विचारून जा आणि 'काळा दगड दिसला तर उचलून आणा' असं मोघम सांगू नका. आपल्या बेसाल्टच्या मुलखात तो संध्याकाळपर्यंत ट्रॉलीभर काळे दगड आणून ठेवेल. ताज्या अशनीवर पातळ, मंद काळा, अंड्याच्या कवचासारखा थर असतो आणि टवका उडालेल्या जागी आतला भाग बहुधा फिकट राखाडी दिसतो, कधी कधी धातूचे कण चमकतात. बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बेसाल्ट किंवा भट्टीची खंगर. लोहचुंबकाची परीक्षा आपल्याकडे चालत नाही, कारण बेसाल्टही चुंबकाला ओढतो. उलट जोरकस चुंबक लावला तर दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, तेव्हा लावूच नका. सापडला तर जागेवरच फोटो काढा, जीपीएस नोंद घ्या, हात न लावता स्वच्छ अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, धुऊ नका, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला दगड पडले तेव्हा ते लगेच अभ्यासकांच्या हाती गेले म्हणूनच त्यांवर इतकं काम होऊ शकलं.

मला पाठवायचं झालं तर आधी बार्शीची मूळ फाइल आणि स्टॉपवॉचची चाचणी पाठवा. सुतळीचे कोन आठवडाभराने आले तरी चालतील, वृंदावन काही हलत नाही. दरम्यान आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर तुमची नोंद भरून टाका आणि त्याच वेळेची दुसरी कुणाची नोंद आहे का बघा. विजापूर किंवा कलबुर्गीहून एखादी निघाली, तर कॅमेरा नसला तरी त्या माणसाचा पत्ता घ्या. तो कुठे उभा होता आणि कुठे हात करतो, एवढं कळलं तरी छेद मोकळा होईल.